सुटली म्हण

८ जानेवारी

विनेश,

आशीर्वाद पाठवते आहे, पण अर्धाच. उरलेला अर्धा घरी येऊन, पाया पडून घ्यायचा.

तू माझा नंबर ब्लॉक केलास ते एका अर्थी बरंच झालं. फोनवर मी ओरडले असते आणि तू ठेवून दिला असतास. कागद निदान मध्येच ठेवून देता येत नाही. सोनूबाई रोज आगरदांड्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून दिघीला मासे विकायला जाते. तिच्या पाटीत हे पत्र आणि सोड्यांची पिशवी देते आहे. सोडे घरचे आहेत, मी स्वतः कोळंबी सोलून वाळवलेले. भात करशील तेव्हा कांदा जरा जास्त घाल. तिकडे दादूशेठच्या बंगल्यावर तुम्हा पोरांना रोज कोंबडी असते असं ऐकते. कोळ्याचं पोर आणि रोज कोंबडी! तोंडाची चव गेली असेल तुझ्या.

रविवारी तू वाडीत आला होतास. मला दिसला नाहीस असं तुला वाटत असेल, तर मी ओटीवरच बसले होते, पुढ्यात बोंबलांचा ढीग होता. तुझ्यामागे सगळी पोरं काळ्या टी-शर्टात, पाठीवर ‘दर्यारक्षक’ छापलेलं. एकाच्या हातात नारळ, दुसऱ्याच्या हातात समुद्राच्या पाण्याचा तांब्या. घरोघर उंबऱ्यावर थांबायचं, घरातल्या बाईला बाहेर बोलवायचं. तिने पाण्यात बोटं बुडवायची, नारळावर हात ठेवायचा आणि दर्यावर गेलेल्या आपल्या माणसाचं नाव घेऊन शपथ घ्यायची, की आपल्या गावच्या सरपंचपदाचं मत दादूशेठच्या सुनेला, अमिषालाच देईन. शपथेचे शब्द तू सांगत होतास आणि बाया तुझ्यामागून म्हणत होत्या. शाळेत प्रतिज्ञा कधी धड पाठ केली नाहीस, पण ही बरी पाठ होती.

माझ्या दारापाशी आलात तेव्हा एका पोराने विचारलं, “हितं न्हाय काय घ्याची?” तू चपलेकडे बघत म्हणालास, “त्या घरान नको.” माझे कान अजून शाबूत आहेत. आपली आई गेली तेव्हा तू माझ्या कमरेएवढा होतास. त्या घरात तुला न्हाऊ घातलं, भरवलं, आणि ते आता ‘ते घर’ झालं. आधी राग आला, मग हसू आलं, मग थोडं रडू आलं. तिन्ही गोष्टी आवरून पुन्हा बोंबील निवडायला बसले.

दोन वर्षांपूर्वी बाहेरच्या ट्रॉलर आपल्या हद्दीत शिरून सगळी मासळी उपसून नेत होत्या. तेव्हा तुम्ही पोरं होड्या काढून पहारा द्यायला लागलात. भाकऱ्या थापून माझे हात दुखायचे, पण छाती भरून यायची. सगळी वाडी तुमचं कौतुक करायची. मग दादूशेठने तुम्हाला डिझेल दिलं, मग टी-शर्ट दिले, मग गाडी दिली. ट्रॉलर अजून येतात, विनेश. फक्त तुमची तोंडं आता समुद्राकडे नसतात, किनाऱ्याकडे असतात.

जेट्टीवर बर्फाच्या टेम्पोवाल्याला ‘बाहेरचा’ म्हणून कान धरून उभं केलंत, तेव्हा मी चार लोकांत तुझ्या थोबाडीत दिली. दिली ती दिली. त्याची माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा उगाच वाट बघू नकोस.

शपथेला नाही म्हणणारं एकच घर निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची जाळी कापलेली सापडली. कोळ्याने कोळ्याचं जाळं कापलं! तू कापलं नसणार, एवढं मला ठाऊक आहे. कोणी कापलं ते तुला ठाऊक आहे का, हे मी विचारत नाही.

पिशवी परत पाठव.

नलूबाय

१२ जानेवारी

विनेश,

पिशवी पोचली. धुऊन, वाळवून, घडी घालून पाठवलीस. पत्राला उत्तर नाही, पण ज्याला राग आहे तो पिशवी धूत बसत नाही. यावेळी जवळ्याची चटणी आहे. सगळ्यांना वाटत सुटू नकोस, थोडी स्वतःला ठेव.

आता नीराबाईचं ऐक. तिची नात रचना अमिषाच्या समोर उभी आहे हे तुला माहीतच आहे. वाडीतली पोर, शिकली, नळाच्या पाण्यासाठी पंचायतीत जाऊन भांडते. आता विचार कर, तू नीराबाईला कोणाची शपथ घ्यायला लावलीस? सुजितची. तिच्या मुलाची, म्हणजे रचनाच्या बापाची. सुजितची होडी आत्ता दर्यावर आहे. म्हातारीने नातीला मत दिलं तर मुलाचं वाईट होणार, आणि मुलाला जपलं तर नातीच्या विरोधात बटण दाबायचं. तुमच्यापैकी कोणाच्या डोक्यात हे आलंच नसेल. तांब्या घेतला आणि निघालात.

रचनाने पोलिसांत सांगून पाहिलं. ते म्हणाले, ज्यांच्यावर बळजबरी झाली त्या बायांनी लेखी द्यावं. ज्यांची माणसं आणि जाळी दोन्ही उघड्यावर आहेत, त्या बाया काय लेखी देणार? मग शाळेतल्या मास्तरांनी सगळ्यांना बसवून समजावलं, की मशीन कोणाचं नाव सांगत नाही, आत कोणी बघत नाही, मनाला येईल ते बटण दाबा. नीराबाई सगळं नीट ऐकून घेऊन म्हणाली, “मास्तर, मशीन न्हाय सांगनार. पन दर्याला कलतंय ना!” दादूशेठला हेच कळलं होतं. तो माणूस आपल्यात जन्मला नाही, पण आपल्याला कुठे बांधायचं ते त्याला बरोबर समजलं. की हे तू शिकवलंस त्याला?

शेवटी आम्ही बाया देवीकडे कौल लावायला गेलो. गुणाजी गुरवाने गाऱ्हाणं घातलं, की आई, भीतीपोटी घेतलेली शपथ मोडली तर चालेल का, चालत असेल तर उजवं दे. देवीला फुलं लावली आणि आम्ही फुलांकडे डोळे लावून बसलो. फूल डावीकडचं पडलं. गुणाजीचा चेहरा उतरला. त्याने पुन्हा विचारलं, पुन्हा डावं. देवीने साफ नाही सांगितलं. मला तिचा रागच आला होता, पण नीराबाई उठली, पदर सावरला आणि म्हणाली, “बराबर हाय. देवी कशाला सोडवील? जेनं घातली, त्यानंच सोडवाची.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लहानपणी तू मला बाजाराला जाऊ द्यायचा नाहीस. “तुला माजी शपथ, जाव नको” म्हणून पदराला लोंबकळायचास. मी पाटी डोक्यावर घेऊन तुझ्या विनवण्या करायची, “सुटली म्हण, विनेश, सुटली म्हण.” तू लिमलेटची गोळी कबूल करून घ्यायचास आणि मग “सुटली” म्हणायचास. तोवर माझं पाऊल उंबऱ्याबाहेर पडायचं नाही. मी मोठी बाई, बाजारात माणसांना हाताळणारी, आणि एवढ्याशा पोराच्या एका शब्दावर अडून बसायची.

तेच आता सगळी वाडी करते आहे. शपथ दादूशेठने घातली नाही, त्या पोरांनी घातली नाही. शब्द तुझ्या तोंडचे होते. म्हणून मतदानाच्या आधी ये आणि ज्या ज्या दारात घातलीस, त्या त्या दारात ‘सुटली’ म्हण. रचनाला मत द्या असं सांगू नकोस. कोणालाच काही सांगू नकोस. नुसती सोडव त्यांना.

मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. हे मागते.

नलूबाय

१६ जानेवारी

विनेश,

अक्षर वाकडं आलं आहे, हसू नकोस. जेट्टीच्या पायऱ्यांवर शेवाळ फार झालं आहे, पाय सरकला. उजवं मनगट सुजलंय, बाकी काही नाही. डाव्या हाताने लिहायला मजा येते, पहिलीत गेल्यासारखं वाटतं.

संक्रांतीचा तिळगूळ पाठवते आहे. लाडू रचनाने वळलेत, मी नुसती तोंडाने हुकूम सोडत होते. फार कडक झाले आहेत. दात सांभाळून खा.

सोनूबाई म्हणाली, तू पत्र तिच्यासमोरच उघडलंस, तिथेच उभं राहून वाचलंस, खिशात घातलंस आणि म्हणालास, “बायला सांग, ह्या राजकारणान पडू नको.” अरे बाबा, मी कुठे पडले! राजकारण तांब्या-नारळ घेऊन माझ्या शेजारणींच्या दारात आलं.

तुझी अडचण मला कळत नाही असं समजू नकोस. तू तिथे खातोस, तिथे झोपतोस. तू चाललास की दहा पोरं मागे चालतात. गाडीत पुढे बसतोस. इथे होडीवर तू कोणाचा तरी धाकटा भाऊ होतास, तिथे ‘भाई’ आहेस. हे सोडायचं म्हणजे काय, ते मला समजतं. पण मला तू धाकटा भाऊ म्हणूनच जास्त आवडायचास, त्याला काय करू?

नीराबाई हल्ली दिवसभर किनाऱ्यावर बसते. मतदानाला जाणारच नाही म्हणते. बाकीच्याही तेच म्हणायला लागल्या आहेत. न जाऊन शपथ मोडत नाही आणि पाळावीही लागत नाही, अशी पळवाट त्यांनी काढली आहे. म्हणजे आपली अख्खी वाडी घरात बसणार आणि बाकीच्या गावाच्या मतांवर अमिषा आरामात निवडून येणार. दादूशेठला दोन्हीकडून फायदाच आहे.

ये रे.

नलूबाय

१९ जानेवारी

विनेश,

सोनूबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला माहीत होतं, तरी माझ्या हाताचं खरं कारण सांगू नकोस म्हणून तिला बजावलं होतं. तिने तुला सांगितलंच. तू निरोप धाडलास, “हात कोनी मोडला त्याचा नाव सांग, येऊन तंगड्या तोडतो.”

मग आता खरं ऐक. शेवाळाचा काही दोष नाही. तुझी दोन पोरं जेट्टीवर बायांची मतदानाची ओळखपत्रं ‘जपून ठेवायला’ म्हणून गोळा करत होती. माझं मागितलं, मी दिलं नाही. एकाने पिशवी ओढली, मी सोडली नाही, पायरीवरून पडले. मी म्हटलं, “मी विनेशची भैन हाय रे.” त्यातला एक म्हणाला, “आसशील, कार्ड आन आधी.” म्हणजे तुझ्या नावाची तिथे किती किंमत आहे ते मला तेव्हा कळलं आणि तुला आता कळेल.

नावं मी सांगणार नाही. तू येशील, त्यांना बडवशील, तुझा जीव शांत होईल, आणि वाडी होती तिथेच राहील. बांधलेली. उलट आणखी एक मारामारी बघून बाया आणखी घाबरतील. माझ्या मनगटाचा सूड मला नको आहे. हाड मोडलेलं नाही, नुसतं मुरगळलंय, गुणाजीच्या बायकोने लेप लावलाय, उतरेल ते.

मला एक गोष्ट मात्र कळत नाही. दहा माणसांच्या तंगड्या तोडायला तू एका पायावर तयार आहेस. आणि एक शब्द म्हणायला सांगितला, तर जीभ टाळूला चिकटते. मारणं एवढं सोपं का वाटतं रे तुला? मारताना तू भाईच राहतोस, म्हणून? ‘सुटली’ म्हणताना मात्र म्हाताऱ्या बाईच्या उंबऱ्यावर मान खाली घालावी लागेल. तेच जड आहे ना?

माझा तुझ्यावर जीव आहे. तू काहीही केलंस तरी राहील, त्यात माझा इलाज चालत नाही. पण वाडीचा राहीलच असं मी सांगू शकत नाही. परवा मतदान आहे. पहिली फेरी सकाळी सुटते. यावेळी पिशवीत काही पाठवलेलं नाही, हात चालत नाही.

नलूबाय

२४ जानेवारी

विनेश, माझ्या बाळा,

तू आलास.

तू काय केलंस ते तुला सांगायला नको. पण तू पुढच्या दाराला गेल्यावर मागच्या दारात काय झालं ते तुला ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

तू पहिल्या फेरीतून उतरलास, तेव्हा जेट्टीवर तुझीच पोरं उभी होती. तू साध्या शर्टात होतास. तुला अडवायचं की सलाम ठोकायचा, हेच त्यांना कळेना. त्यांनी फोन लावले आणि उत्तर येईपर्यंत तू नीराबाईच्या दारात पोचलास. मी कुडाआड उभी होते. पुढे आले नाही, कारण माझ्याकडे बघून तू म्हटलं असतंस तर ते माझ्यासाठी झालं असतं.

तू पुटपुटलास, “सुटली.” म्हातारी म्हणाली, “काय रं, गला बसला काय?” ती कसली सोडते! “आसा न्हाय. नीट म्हन. कोनाची, कशाची, पोराचा नाव घेऊन म्हन.” मग तू म्हणालास, “सुजितदादाची शपथ मी घातलेली, ती सुटली. दर्याच्या पान्याची सुटली, नारलाची सुटली. आता तुमच्यावर काय न्हाय.” आणि वाकून तिच्या पायावर डोकं ठेवलंस. मी कुडाची काडी इतकी घट्ट धरली होती की ती मोडली.

तू पुढे गेलास. नीराबाई आत गेली, तोंड धुतलं, लग्नाला नेसायचं लुगडं काढलं आणि मला म्हणाली, “चल गो, किती येल लावतंस!” तुझ्यामागोमाग एकेक दार उघडत गेलं. तू शेवटच्या घरी पोचेपर्यंत बायांची रांग शाळेकडे निघाली होती. ओळखपत्रं ज्यांची नेली होती त्यांनी रेशनकार्ड, आधारकार्ड, काय सापडेल ते घेतलं. शाळेच्या फाटकात तुझी पोरं उभी होती. नीराबाईने त्यातल्या एकाचा कान धरला. “तुजे आजीनं मना सांगितलंय तुजेवर नजर ठेवाला,” म्हणाली आणि आत गेली. एवढ्या बाया एकदम आल्यावर ती पोरं बाजूलाच झाली. मला वाटत होतं काही तरी मोठं होईल. काही झालं नाही.

आता निकालाचं. रचना हरली. थोडक्यात हरली, पण हरली. तू सोनूबाईजवळ म्हणालास म्हणे, “मंग मी केला त्या फुकटच गेला.” म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

काल नवी सरपंच अमिषा आपल्या वाडीत आली होती. चालत, प्रत्येक घरी. दादूशेठच्या घरातलं माणूस आजवर आपल्या वाडीत गाडीतून उतरलं नव्हतं. माझ्या ओटीवर बसली, चहा प्यायली, नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारलं. जाताना हळूच म्हणाली, “तुमच्या वाडीतून मला किती मिळाली असतील हो?” मी म्हटलं, बाई, मला कसं कळणार? खरंच कळलेलं नाही. कोणी कोणाला सांगितलेलं नाही. नीराबाईला मी सरळ विचारलं, तर म्हणाली, “तुला कशाला पायजे?” शपथा असत्या तर आम्ही सगळ्या अमिषाच्या मुठीत असतो आणि तिला यायची गरज नसती. आता तिला माहीत नाही, म्हणून तिला दार न् दार चढावं लागतं. रचना म्हणते, पाच वर्षं चढायला लावू. ती हरलेली आहे असं तिच्याकडे बघून वाटत नाही.

आणि सुजितची होडी काल बंदराला लागली. सगळे सुखरूप. म्हातारीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

आता तुझं. दादूशेठने तुला बंगल्यावरून काढलं हे कळलं. पोरांनी सांगितलं आहे, की विनेशने आपल्या आगरदांड्याच्या जेट्टीवर पाय ठेवला तर परत जाणार नाही. हेही कळलं. आणि तू गुजरातच्या कुठल्याशा बोटीवर खलाशी म्हणून निघतो आहेस, तेही सोनूबाईने सांगितलं. तू जायचं नाहीस. तू या वाडीला सोडवलंस आणि स्वतः पळून जाणार? कोणत्या तोंडाने जाशील?

काल संध्याकाळी तुझं नाव निघालं. मी तोंड उघडायच्या आत नीराबाई म्हणाली, “त्याला आनाला जाव.” मग ज्या ज्या दारात तू वाकलास, त्या दारातली एकेक बाई म्हणाली, मी येते. नको म्हणणारी एकही निघाली नाही. मी मोजलं नाही, पण फेरीवाल्याला विचारावं लागलं की एवढ्या माणसांना जागा होईल का.

तेव्हा उद्या सकाळच्या फेरीने आम्ही सगळ्या दिघीला येतो आहोत. तू धक्क्यावर उभा राहा. परत येताना आपल्या जेट्टीवर उतरताना तू मध्ये राहायचंस, आम्ही भोवती. त्या पोरांना तुला हात लावायचा असेल, तर आधी आपल्या आज्यांना, आयांना आणि मावश्यांना बाजूला करावं लागेल. बघू कोणाची छाती होते.

तुझी,
नलूबाय